डोळे राहिलेत अजून

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

सकाळपासून पाऊस. इकडे टोकियोत, निशी-कासाईत जूनमध्ये त्सुयू, म्हणजे इथला पावसाळा, लागला की हे असंच, आपल्याकडच्यासारखा धो धो नाही, नुसती पिरपिर. त्यामुळे रोबोच्या मॉडेलवर टॉपकोटचा, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर मारायचा प्लॅन बोंबलला. मागच्या वर्षी अशाच हवेत घाई करून मॅट स्प्रे मारला होता आणि बघता बघता काळ्या पार्ट्सवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखं पांढुरकं झालं, हवेतला ओलावा रंगात अडकतो म्हणे. तेव्हापासून कानाला खडा.

मग आज डोळे करायला घेतले.

किट तसं साधंच आहे, पहिला गंडम, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतला रोबो, आरएक्स-78-2, एचजी नावाच्या सिरीजमधला, मूळच्या 1/144 मापाचा. मालिकेत तो 18 मीटरचा, म्हणजे माझ्या टेबलावर साडेबारा सेंटीमीटर. ऑफिसमधले एक जपानी सिनियर याच्यावर तासभर बोलू शकतात. 1979 ला मालिका लागली तेव्हा फारसं कोणी बघेना, 52 भागांची ठरलेली ती 43 वर गुंडाळली, आणि 1980 च्या जुलैत 300 येनला याच रोबोचं, याच मापाचं पहिलं किट आलं, तिकडे मालिका परत दाखवायला लागले आणि मग पोरं अक्षरशः वेडी झाली. हे स्वतः तेव्हा तिसरीत. दुकानाबाहेर रांगेत उभे होते, शेवटचा डबा पुढच्या मुलाने उचलला. ते अजून त्या मुलाला माफ करायला तयार नाहीत, आता पन्नाशी उलटली तरी.

तेव्हा गोंद लावून चिकटवायचं आणि रंग पण आपणच द्यायचा. आता पार्ट रंगीतच येतात, खटकन बसतात, गोंद लागत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं यात करायचं काय असतं. काय असतं ते मला विचारा! रनरवरून, म्हणजे पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, पार्ट कापताना एका फटक्यात कापला की प्लास्टिक ताणून पांढरा डाग पडतो. म्हणून आधी लांबून कापायचं, मग निपरची, म्हणजे कापायच्या पकडीची, सपाट बाजू टेकवून उरलेला तुकडा, मग 400, 600, 1000 चा पॉलिश पेपर. पायाच्या मागच्या बाजूला सुद्धा, जिथे कोणी बघणार नाही तिथे. मागच्या आठवड्यात खांद्याच्या खाचेत काळी पॅनल लाइन, म्हणजे खाच उठून दिसावी म्हणून थिनरवाल्या पातळ रंगाची रेघ, सोडली, ती आत खिळ्यापर्यंत झिरपली आणि सकाळी बघतो तर पार्टला बारीक तडा. घट्ट बसलेल्या जोडात थिनर गेलं की असं होतं, माहिती होतं, तरी केलं. झोप येत असताना करू नये, एवढंच.

तर डोळे. डब्यात चमकीचा स्टिकर येतो, लावला की पाच मिनिटात काम संपतं. पण तो कडेला उचलला जातो, मला ते बघवत नाही. म्हणून हातानेच, भोवती काळं आणि आत पिवळं. पार्ट तांदळाच्या दाण्याएवढा, टूथपिकच्या टोकाला टेपने चिकटवलेला. खाली लॅकरचा काळा, वर इनॅमलचा पिवळा, म्हणजे चुकलं तर इनॅमलच्या थिनरने पिवळा तेवढा पुसता येतो आणि काळ्याला धक्का लागत नाही. ही युक्ती ज्याने शोधली त्याला दंडवत.

दुपारी पेणला काकाला व्हिडिओ कॉल केला. कारखान्यात आत्ता धामधूम चालू झालीय, काका गेली तीस वर्षं गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतोय, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. कॅमेऱ्यासमोर पार्ट धरला. बराच वेळ त्याला दिसलाच नाही. मग म्हणाला, "अरे, आमच्या उंदराचा डोळा पण याच्यापेक्षा मोठा असतो." आणि मग एकदम कामाचं बोलला, करंगळी टेकव, हात अधांतरी ठेवून रेघ कधी येणार नाही. पण टेकवू कुठे काका, जागाच नाहीये. शेवटी काडेपेटीवर टेकवली. जमलं बऱ्यापैकी.

बऱ्यापैकीच. बायको येऊन बघून गेली, म्हणाली हा कोणावर तरी संशय घेतोय असं वाटतंय. नीट बघितलं तर खरंच, उजवा डोळा केसभर वर गेलाय. तीनदा पुसला, तीनदा तिथेच.

आत्ता चौथ्यांदा पुसलाय. डावा तसाच ठेवला. स्टिकरचा कागद ड्रॉवरमध्ये आहे, फेकलेला नाही.