ट्रॉफी नको, कॉस्ट सेंटर द्या

आमच्या कंपनीत सध्या इनोव्हेशनची साथ आलीय. कँटीनच्या भिंतीवर पेटलेल्या बल्बचं चित्र, बीनबॅग टाकलेली एक खोली आणि अधूनमधून हॅकॅथॉन, म्हणजे नव्या कल्पनांची स्पर्धा. जिंकणाऱ्याला ट्रॉफी आणि एमडींबरोबर फोटो. सोमवारपासून परत तीच लाइन, तेच रिजेक्शन.

मागच्या वेळी मेंटेनन्समधल्या एका पोराचा पहिला नंबर आला. प्रेसच्या बेअरिंगला व्हायब्रेशन सेन्सर लावायचा, म्हणजे मशीन बंद पडायच्या आधीच कळेल. सेन्सर दोनेक हजारांचा. पर्चेस म्हणालं, तीन कोटेशन आणा. आणली. मग म्हणे, यातला एकही आपला व्हेंडर नाही, नवा व्हेंडर कोड उघडावा लागेल. त्याला फायनान्सची सही लागते आणि फायनान्स विचारतं, कॉस्ट सेंटर कुठलं, म्हणजे खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा? हॅकॅथॉनला कॉस्ट सेंटर नसतं! शेवटी पोरगा शनिवारी पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत जाऊन पदरच्या पैशाने सेन्सर घेऊन आला. बिल अजून पास व्हायचंय.

पर्चेसवाल्यांवर माझा राग नाही. त्यांच्या केआरएमध्ये, म्हणजे ज्यावर त्यांचं काम मोजतात त्या यादीत, बचत आहे, ऑडिट आहे. नव्या गोष्टीला हो म्हणून त्यांच्या पदरात काय पडणार?

मग मला छोटा हत्ती आठवतो, म्हणजे टाटा एस. 2000-01 मध्ये टाटा मोटर्सला सुमारे 500 कोटींचा तोटा झाला होता. नवं काही काढायला याहून वाईट वेळ नसेल. तरी व्यावसायिक वाहनांचं काम बघणाऱ्या रवी कांत यांनी ही गाडी गिरीश वाघ यांच्या टीमकडे सोपवली. टीम तीनचाकी टेम्पोवाल्यांशी जाऊन बोलली. चारचाकी असली तर गावाकडे सोयरीक चांगली जुळेल, असं एकाने सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. आता हे एक्सेलच्या कुठल्या कॉलममध्ये भरणार? इंजिनही कोऱ्या कागदावरून काढलं नाही. इंडिकाचं डिझेल इंजिन चार सिलिंडरचं, 1405 सीसी; एसचं त्याच्या निम्मं, दोन सिलिंडर, 702 सीसी. 2005 मध्ये गाडी बाजारात आली.

गॅरेजमधल्या स्टार्टअपला असं तयार इंजिन, टूलरूम, डीलर कुठून मिळणार? आमच्याकडे यातलं बरंच काही आहे. फक्त हात लावायचा तर सही लागते, आणि सही करणारा साहेब कायम मीटिंगमध्ये.

फीडबॅक फॉर्ममध्ये मी एवढंच लिहिलं: वर्षाला पन्नास हजारांचं एक कॉस्ट सेंटर द्या, कोटेशनशिवाय खर्च करायला. एचआरचं उत्तर आलं. सूचना फार आवडली म्हणे, पुढच्या हॅकॅथॉनचा विषय हाच ठेवलाय.