तुम्ही विचारलंत म्हणून: इयन होम पळाला होता का?

प्रश्न दर वेळी त्याच चालीत येतो. ‘तो लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या सिनेमात बिल्बो झालेला इंग्रज म्हातारा, तो म्हणे एकदा भर प्रयोगातून निघून गेला होता. घाबरून. खरं का?’ आणि मागोमाग शेपूट: ‘मग तो थोर नट कसा?’

खरं आहे. गेला होता. आजवर मी एवढंच सांगून विषय बदलत आलोय, कारण पुढचं ऐकायला कुणाला वेळ नसतो. आज पुढचंही सांगतो. (नाव ‘होल्म’ नव्हे, होम. ‘ल’ नुसता लिहायचा, बोलायचा नाही.)

चरित्र सांगत बसत नाही, ते विचारणाऱ्यांना पाठ असतं. एसेक्समधलं गुडमेज, १९३१चा जन्म, वडील मनोरुग्णालयाचे प्रमुख. या शेवटच्या तपशिलावरून जे निदान केलं जातं त्याचा मात्र मला वैताग आहे. वेड्यांच्या इस्पितळाच्या आवारात वाढला म्हणून पंचेचाळिशीत मन दगा देऊन गेलं, हे नाटकातल्या नाटकातही शोभणार नाही. त्याआधी बावीस वर्षं तो माणूस रंगमंचावर होता, ती कुठे गेली? १९५४ मध्ये शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, भाला धरून उभं राहण्यापासून सुरुवात. १९६३-६४ मध्ये पीटर हॉल आणि जॉन बार्टन या दिग्दर्शकांनी शेक्सपिअरची इतिहासनाटकं एकामागून एक लावली, त्यात तिसरा रिचर्ड, आणि पाठोपाठ पाचवा हेन्री. उंची जेमतेम साडेपाच फूट, आणि राजे असे. १९६५ मध्ये हॅरल्ड पिंटरच्या ‘द होमकमिंग’ या नाटकातला लेनी, त्याच भूमिकेसाठी १९६७ मध्ये न्यूयॉर्कला टोनी हे नाट्यपारितोषिक. हा कच्चा नट नव्हता.

आता १९७६. लंडनचं ऑल्डविच थिएटर, साधारण बाराशे खुर्च्या. रॉयल शेक्सपिअर कंपनीने यूजीन ओनीलचं ‘द आइसमन कमेथ’ घेतलं होतं आणि होम होता हिकी. इथे जरा थांबतो, कारण भूमिका कशी आहे ते कळल्याशिवाय बाकीचं कळत नाही.

नाटक चार तासांच्या वर जातं. एका दारूच्या गुत्त्यात पडीक असलेली माणसं हिकीची वाट बघताहेत. पहिला अंक सरत आला तरी तो येत नाही. म्हणजे नट मेकअप करून विंगेत उभा, आणि बाहेर सगळे त्याच्याच नावाचा जप करताहेत. आला की तो हसवेल, पाजेल, रंग भरेल. अशी एन्ट्री नटाला हवीशी वाटते, असं लोक समजतात. विंगेत उभं राहणाऱ्याला विचारा. मग चौथ्या अंकात हिकीचं ते प्रचंड कथन, बायकोबद्दलचं. छापील पानंच्या पानं, एकाच माणसाच्या तोंडी.

नट ब्लँक होणं ही काही आकाश कोसळण्याची गोष्ट नाही. त्यावरचे उपाय ठरलेले आहेत. समोरचा नट तुमचंच वाक्य प्रश्न करून तुमच्याकडे टाकतो, ‘म्हणजे त्या रात्री तू घरीच होतास म्हणायचं?’ विंगेतला प्रॉम्प्टर पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द देतो. दोनच, कारण अख्खं वाक्य दिलं तर नट ते ऐकत बसतो. आणि तेही नाही जमलं तर नट उठतो, पाणी पितो, आणि ग्लास खाली ठेवता ठेवता वाक्य तोंडात येतं. पाठांतर नुसतं डोक्यात राहत नाही, ते खुंट्यांवर टांगलेलं असतं. या शब्दाला टोपी काढायची, त्या शब्दाला खुर्ची ओढायची. खुंटी सापडली की वाक्य सापडतं.

हिकीच्या बाबतीत या तिन्ही वाटा अरुंद आहेत. बाकीची पात्रं झिंगलेली, टेबलांवर कलंडलेली. मधून ‘आम्हाला नको ऐकायला’ अशी कुरकुर करतात, पण त्यातून वाक्य काढून देता येत नाही. हालचाल कमी, त्यामुळे खुंट्या कमी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुनरुक्ती. ओनील तेच शब्द, तीच ‘खोटी आस’, पुन्हा पुन्हा आणतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर ते हातोड्यासारखं पडतं. बोलणाऱ्यासाठी तो चकवा आहे. एकच वळण सात ठिकाणी दिसतं. आपण तिसऱ्यावर आहोत की सहाव्यावर? चुकीच्या वळणावर वळलात तर दोन पानं गळाली किंवा तीच दोन पानं परत आली. प्रॉम्प्टरलाही लगेच कळत नाही, कारण शब्द बरोबरच असतात.

अधिकृत उद्घाटनाआधीच्या प्रिव्ह्यू प्रयोगांतली गोष्ट. होम नेमका कोणत्या वाक्यावर अडला, यात मला रस नाही. तो थांबला. मंचावर तसाच काही काळ, न बोलता. मग विंगेत निघून गेला. नंतर ड्रेसिंग रूममध्ये सापडला तो अंगाचं मुटकुळं करून पडलेला. स्वतः त्याने पुढे वर्णन केलं ते असं: एकाग्रता गेली की मेंदू बंद होतो, तुरुंगाची दारं एकामागून एक आपटत जावीत तसा. ते नाटक त्याने सोडलं, आणि एखादा अपवाद वगळता रंगमंचही, जवळजवळ सतरा वर्षं.

तर विसरणं आणि हे, यात फरक आहे. विसरलेला नट वाक्य शोधत असतो. त्याचं अर्धं लक्ष शोधण्यात असतं, म्हणून तर तो सुटतो. इथे शोधणाराच जागेवर नाही. जिना उतरताना ‘आता डावा की उजवा’ असा विचार केला की पाय अडखळतो. हजारदा बोललेलं वाक्य आपण बोलतो आहोत हे बघायला लागलं की तसंच होतं. मग तोंड कोरडं, श्वास वर, जीभ टाळूला. आणि आजची भीती उद्याच्या प्रयोगाआधीच येऊन बसते. ब्लँक होणं त्या रात्रीपुरतं असतं, हे तसं नसतं.

‘पण लॉरेन्स ऑलिव्हिएसारख्या थोर नटालाही झालं होतं ना?’ झालं होतं. १९६०च्या दशकात, लंडनचं नॅशनल थिएटर चालवत असताना. सोबतच्या नटांना तो सांगायचा, माझ्या डोळ्यांत बघू नका. ‘ऑथेल्लो’त फ्रँक फिनलेला त्याने विनंती केली होती की तुझं काम नसतानाही मला दिसेल असा विंगेत उभा राहा. त्याला कुणी विचारत नाही, मग तू थोर कसा. मी हे उदाहरण फार वर्षं ढालीसारखं वापरलं. पण ढाल दोन्हीकडून लागते: ऑलिव्हिए भीतीसकट रोज मंचावर जात राहिला, होम गेला नाही. हे मला पुसता येत नाही.

पूर्वी मी आणखी एक सांगायचो. की सिनेमाने त्याला वाचवलं, कॅमेऱ्यापुढे दुसरा टेक असतो, विसरायची भीती नाही. हे मी छातीठोकपणे सांगितलं आहे आणि ते अर्धवट आहे. सिनेमात नट सहा तास बसतो आणि मग दोन मिनिटांत थंड इंजिन चालू करावं लागतं, तेही मागचा-पुढचा प्रसंग न करता. भीतीला तिथेही जागा आहे. भीती नाही ती रेडिओवर. तिथे कागद हातात असतो. १९८१ मध्ये बीबीसी रेडिओने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ २६ भागांत केलं, त्यात कथानायक फ्रोडो होम होता. बिल्बो वीस वर्षांनी, सिनेमात.

‘एलियन’ मात्र बघा, १९७९. त्यातला अॅश हा यंत्रमानव निघतो, त्याचं डोकं उडतं, आणि मग ते टेबलावर ठेवून जागं करतात. उडणारं डोकं नकली, होमच्या चेहऱ्याच्या साच्यावरून केलेलं, पण लेटेक्स वाळताना आकसतं, त्यामुळे ते मुळाबरहुकूम उतरलं नाही. बोलणारं डोकं खरं. टेबलाला भोक, खाली होम, वर मानेपासून पुढचा होम. भोवती आतड्यांच्या जागी दूध, पास्ता, कॅव्हिअर आणि काचेच्या गोट्या. या राड्यात तो शांतपणे सांगतो की तुम्ही वाचणार नाही, मला सहानुभूती आहे, आणि किंचित हसतो. हात नाही, खांदा नाही, उचलायला ग्लास नाही. एकही खुंटी नाही.

दोन वर्षांनी ‘चॅरिअट्स ऑफ फायर’. सॅम मुसाबिनी, १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमधल्या धावपटूचा प्रशिक्षक. पैसे घेऊन शिकवणारा म्हणून मैदानात येणं बरं दिसत नाही, तेव्हा शर्यतीच्या वेळी तो हॉटेलच्या खोलीत. शर्यत त्याला दिसत नाही. खिडकीतून ध्वज चढताना दिसतो, राष्ट्रगीत ऐकू येतं. तो पलंगावर बसतो आणि हातातल्या गवती हॅटला ठोसा मारतो, हॅटचा माथा फाटतो. बोलणं जवळजवळ नाहीच. ऑस्करचं नामांकन याच भूमिकेला होतं. ऑस्करची बाहुली जॉन गीलगुडकडे गेली. म्हणजे दुसऱ्या इंग्रज नाटकवाल्याकडेच, तेव्हा तक्रार नाही.

१९९३ मध्ये तो परतला. जागा लंडनचं अल्मेडा थिएटर, तीनशेहून थोड्या जास्त खुर्च्या, ऑल्डविचच्या चौथाईच्या आसपास. नाटक पिंटरचं, ‘मूनलाइट’. त्यातला अँडी मरणपंथाला लागलेला, पलंगावर. पिंटर होमबद्दल म्हणायचा, माझा बूट तो घालतो आणि तो त्याला बसतो. एक कारागिरीची बाब कुणी बोलत नाही ती सांगतो: पिंटरच्या संहितेत पॉज लिहिलेला असतो. नट गप्प झाला तर प्रेक्षकाला वाटतं, लेखकानेच गप्प केलंय. विसरणाऱ्याला यापेक्षा आडोसा कुठे मिळणार? उलट प्रॉम्प्टरचे मात्र हाल. हा पॉज आहे की माणूस अडकलाय, कसं ओळखायचं? शब्द आधी दिला तर नाटक मोडलं, उशिरा दिला तर नट.

मग १९९७, लिअर. नॅशनलच्या तीन सभागृहांपैकी सर्वांत छोटं कॉटस्लो, दिग्दर्शक रिचर्ड आयर. आपल्याकडे लिअर ‘नटसम्राट’मधून आला, तो डॉ. लागूंच्या आवाजात. होमचा लिअर गर्जत नाही. तो छोट्या चणीचा, चिडका, घरात सगळ्यांना धाकात ठेवणारा बाप आहे, जो मुलींना चहाच्या टेबलावर घालूनपाडून बोलेल असा. प्रेक्षक दोन बाजूंना, मधल्या पट्टीत नाटक. वादळाच्या प्रसंगात पासष्ट वर्षांचा होम अंगावरचा शेवटचा कपडाही काढतो. पुढच्या वर्षी ऑलिव्हिए पारितोषिक आणि सर ही पदवी.

आता जे मांडायचा मोह होतो ते असं: टेबलात अडकवलेलं डोकं, खोलीत अडकलेला प्रशिक्षक, पलंगाला खिळलेला रोगी, नागवा राजा. एकेक खुंटी काढून टाकत तो भीतीपर्यंत चालत परत गेला. फार सुबक जुळतं, आणि म्हणूनच मला त्याचा संशय येतो. भूमिका नटाकडे चालत येतात, तो काही त्यांचा उपचार म्हणून क्रम लावत नाही. छोट्या सभागृहाचा मुद्दाही तसाच. बाराशे खुर्च्यांत अंधार दिसतो. कॉटस्लोत पहिल्या रांगेतल्या बाईचा चष्मा दिसतो. घाबरलेल्या माणसाला दोन्हीपैकी काय सोपं, हे मला वर्षानुवर्षं वेगवेगळं वाटत आलं आहे.

पळाला का? त्या रात्री, हो. ‘मग भीती गेली का?’ याला मी हो म्हणत नाही. परत आलेला माणूस बरा झालेलाच असतो असं नाही.

२००१ मध्ये त्याने पुन्हा ‘द होमकमिंग’ केलं, आधी डब्लिनच्या गेट थिएटरसाठी, मग न्यूयॉर्क आणि लंडन. या वेळी लेनी नाही, लेनीचा बाप मॅक्स. नाटक उघडतं तेव्हा लेनी सोफ्यावर पेपर वाचत बसलेला असतो. मॅक्स स्वयंपाकघराच्या बाजूने येतो, ड्रॉवर उघडतो, चाचपतो, बंद करतो, आणि विचारतो की कात्री कुठे ठेवलीस. लेनी वर बघत नाही. संहितेत तिथे पॉज लिहिला आहे. १९६५ मध्ये तो होमने पेपरामागे बसून काढला होता. आता प्रश्न त्याचा होता, आणि उत्तर येईपर्यंत भर मंचावर तसंच उभं राहायचं होतं.