पॉल ऑलिव्हर आणि ब्लूजचा इतिहास

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज या गायनप्रकाराचा भरीव सामाजिक इतिहास पॉल ऑलिव्हर (१९२७-२०१७) या ब्रिटिश अभ्यासकाने अमेरिकेत पाऊल न ठेवताच लिहिला, याचे मला आजही आश्चर्य वाटते. नॉटिंगहॅममध्ये जन्मलेल्या ऑलिव्हर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ऐन किशोरवयात, सफोक परगण्यात तैनात असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांना काम करता करता गाताना ऐकले आणि पुढे या संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा त्यांना ध्यास लागला. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लूज फेल धिस मॉर्निंग’ या ग्रंथात त्यांनी अशा शेकडो गाण्यांचे शब्द उतरवून घेतले आणि त्यांच्या आधारे स्थलांतर, बेकारी, तुरुंगवास, पूर आणि आजारपण यांचा वृत्तान्त उभा केला. प्रस्तावना कादंबरीकार रिचर्ड राइट यांची होती.

या पद्धतीला एक मर्यादा होती. कंपन्यांनी जे ध्वनिमुद्रित केले तेवढेच ध्वनिमुद्रिकांत उरते. जे विकले जाणार नाही असे त्यांना वाटले, ते बाहेरच राहते.

म्हणूनच १९६० च्या उन्हाळ्यात पत्नी व्हॅलरी यांच्यासह बीबीसीचे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन त्यांनी केलेला अमेरिकेचा पहिला प्रवास मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो. मडी वॉटर्स, लाइटनिन हॉपकिन्स यांच्यासारख्या नावाजलेल्या कलावंतांबरोबरच, वस्तऱ्याला धार लावण्याच्या चामडी पट्ट्यावर ताल धरणारा क्लार्क्सडेल गावचा न्हावी वेड वॉल्टनही त्यांनी ध्वनिमुद्रित केला. या मुलाखतींतून १९६५ साली ‘कॉन्व्हर्सेशन विथ द ब्लूज’ हे पुस्तक आकाराला आले. त्यात लेखक बाजूला सरतो आणि गायकांना त्यांच्याच शब्दांत बोलू देतो. हा संयम त्यांना नभोवाणीच्या कामातून लाभला असावा, असा माझा तर्क आहे.

१९६४ मध्ये घानामध्ये वास्तुकला शिकवताना त्यांच्या कानांवर पश्चिम आफ्रिकेचे संगीत पडले. ब्लूजची आफ्रिकी मुळे किनाऱ्यालगतच्या ढोलवादनापेक्षा आतल्या गवताळ प्रदेशातील तंतुवादकांच्या परंपरेत शोधावीत, हे ‘सॅव्हाना सिंकोपेटर्स’ या पुस्तकातील (१९७०) त्यांचे प्रतिपादन त्या अनुभवाचे ऋणी आहे. पुढे जगभरच्या लोकवास्तूंचा तीन खंडांचा कोश त्यांनी संपादित केला (१९९७). संगीताच्या चाहत्यांना हे काम परके वाटते. मला मात्र त्यात तीच जुनी जिज्ञासा दिसते, कारण तिथेही विषय आहे तो औपचारिक शिक्षणाविना घडलेल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निर्मितीचा.

एक काम मात्र रखडले. टेक्सासच्या ब्लूजवर अमेरिकी अभ्यासक मॅक मॅकॉर्मिक यांच्यासह हाती घेतलेला ग्रंथ मतभेदांमुळे अपुरा राहिला आणि दोघांच्याही निधनानंतर, २०१९ साली प्रकाशित झाला.