पंधरा खेळाडूंचा प्रश्न

"पुढच्या वर्षी पंधरा जण जमतील की नाही, सांगता येत नाही," आज आयर्लंडमधील मेयो काउंटीच्या ज्युनिअर गेलिक फुटबॉल (प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असलेला, हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचा आयरिश खेळ) स्पर्धेचा सामना पाहताना शेजारी उभे असलेले वयस्कर गृहस्थ म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या गावच्या संघाने गोल करून तीन गुण मिळवले, तरी त्यांचा चेहरा खुलला नाही.

ज्युनिअर हा वयाचा नव्हे, तर दर्जाचा गट; सीनिअर आणि इंटरमीजिएट यांच्या खालच्या या गटातील विजेता वरच्या गटात जातो आणि कॉनॉट प्रांताच्या स्पर्धेतही खेळतो. मात्र हा खेळ चालवणाऱ्या, १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनचे खेळाडू हौशी असतात. क्लब सहसा गावाचा किंवा पॅरिशचा (एका चर्चच्या हद्दीतील परिसराचा) असल्यामुळे पैसे देऊन बाहेरचा खेळाडू आणण्याची सोय नाही. गावातील मुले शिक्षण आणि नोकरीसाठी डब्लिनला किंवा ऑस्ट्रेलियाला गेली, की त्यांच्या जागा रिकाम्याच राहतात, आणि शेवटी पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रतिस्पर्धी गावांना एकत्र संघ उतरवावा लागतो.

हरण्याची भीती मला समजते. पण संघच न उरण्याची ही भीती मला फार अस्वस्थ करून गेली. आपल्या कोकणातील, घाटावरील गावांच्या कबड्डी संघांचे आज काय चालले आहे?