डिस्चार्जनंतरचं घर

रविवार, रात्री

'एव्हरीथिंग नाऊ'चा आठवा एपिसोड आज संपवला आणि झोप काही येईना म्हणून लिहायला बसले. नेटफ्लिक्सवर ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली ब्रिटिश सीरिज आहे, आठच एपिसोड. वरवर बघितलं तर शाळकरी पोरांची नेहमीची सीरिज, पार्ट्या आहेत, दारू आहे, क्रश आहेत, मित्रांची भांडणं आहेत, आणि ते सगळं बऱ्यापैकी मजेशीरही आहे. पण मिया, १६ वर्षांची, लंडनमधल्या तिच्या घरी परत येते ती ॲनोरेक्सियासाठी, म्हणजे वजनाच्या भीतीने खाणंच तोडण्याच्या आजारासाठी, कित्येक महिने हॉस्पिटलमध्ये राहून. म्हणजे आपण सिनेमात जिथे 'आता सगळं ठीक झालं' म्हणून उठतो ना, तिथून ही गोष्ट सुरू होते. मला हेच बघायचं होतं. आजारपणावर पुष्कळ काही सापडतं, त्यानंतर घरात काय होतं ते कोणी दाखवतच नाही.

मिया परत येते तेव्हा मित्रमैत्रिणी पुढे निघून गेलेले असतात, त्यांचे सगळ्यांचे काही ना काही अनुभव घेऊन झालेत आणि ही मागे राहिलीये. मग ती एक लिस्ट बनवते, आपलं काय काय राहून गेलं त्याची, पहिला किस, पहिल्यांदा दारू, वगैरे वगैरे, आणि त्या लिस्टच्या मागे अशी लागते की बघताना पोटात गोळा येतो. मला ही कल्पना फार खरी वाटली. ह्या आजाराला नियम लागतात, यादी लागते, टिकमार्क लागतात. खाण्यावरचे नियम हॉस्पिटलने काढून घेतले तर पोरगी तोच हट्ट घेऊन जगण्यावर नियम लावते. लेखिका रिप्ली पार्कर हे कुठेही समजावून सांगत बसत नाही, नुसतं घडू देते, आणि मला तरी ते कुठल्याही माहितीपटापेक्षा जास्त कळलं.

छोटीला, माझ्या धाकट्या बहिणीला, ह्याच आजारानंतर डिस्चार्ज मिळाला तेव्हा आमच्याकडे आजीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, आईने पेढे आणले आणि नातेवाइकांचे फोन सुरू झाले, चला बाई सुटलात एकदाचे. वजन डॉक्टरांना हवं तिथे आलं होतं, सगळ्यांच्या लेखी विषय संपला. आणि त्याच रात्री जेवायला बसलो तर ताटात पोळी, भाजी, वरण-भात, वर तुपाची धार, आणि ती त्या तुपाकडे बघत बसलेली. भात वरणात कालवला, मग बोटाने तुपाचा भाग हळूच कडेला सरकवला, मग पोळीचे इतके बारीक तुकडे केले की ते पोळीचे वाटेनात. आईने डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे काहीच म्हटलं नाही, फक्त शेजारी बसून राहिली आणि शाळेतल्या बाईंच्या मुलीच्या लग्नाचं काहीतरी सांगत राहिली. ते जेवण म्हणजे काय होतं हे मला कोणाला नीट सांगता आलेलं नाही अजून.

आमच्या डॉक्टरांनी जी पद्धत दिली होती तिची सुरुवात, गंमत म्हणजे, लंडनचीच, तिथल्या मॉडस्ली हॉस्पिटलमधली. सुरुवातीला खाण्याचा पूर्ण ताबा आईवडिलांकडे, किती, काय, कधी, सगळं तेच ठरवणार, मुलीशी वाद घालायचा नाही आणि ताट अर्धवट ठेवून उठूही द्यायचं नाही. मग जमेल तसं हळूहळू एकेक गोष्ट तिच्या हातात परत द्यायची, आधी मधल्या वेळचं खाणं, मग डबा, मग ताट. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आई आणि छोटी दोघी रडताहेत आणि बाबा पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभे आहेत असं ते असतं. जेवणानंतर तिला एकटं सोडायचं नव्हतं म्हणून मी रोज पत्ते घेऊन बसायचे, बदामसात, आणि ती माझ्यावर चिडायची की ताई तू माझी बहीण आहेस की वॉचमन.

लोकांना वाटतं पोट भरलं की डोकं ठिकाणावर येतं. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये मिनेसोटा युनिव्हर्सिटीत अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला होता, त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ती धडधाकट पोरं पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, जेवण तासभर पुरवून खायला लागली, आणि नंतर भरपूर खायला मिळालं तरी कित्येकांचं खाण्याचं वेड लगेच गेलं नाही. हे वाचलं तेव्हा छोटी रात्र रात्र रेसिपीचे रील्स का बघायची ते मला कळलं, आणि सगळे ज्याला तिचा हट्टीपणा म्हणत होते त्यातला निम्मा तर भुकेनेच केलेला होता. शरीर सावरल्यावरही मेंदूला वेळ लागतो. डिस्चार्जनंतरचं पहिलं वर्ष पुन्हा घसरण्याच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक मानतात ते त्यामुळेच, आणि नेमकं त्याच वर्षी सगळ्यांचं लक्ष उडालेलं असतं.

आणि आपल्याकडे तर लपायला किती जागा! लंडनच्या मियाला न खाण्यासाठी थापा माराव्या लागतात, इथे नुसतं 'आज माझा उपवास आहे' म्हटलं की काम झालं, वर कौतुक. संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. छोटी सगळे उपवास धरायला लागली तेव्हा आत्या म्हणाली होती, बघा हल्लीच्या पोरींमध्ये इतकी श्रद्धा कुठे असते. मला उपवासाबद्दल काहीही वाईट म्हणायचं नाहीये, आजी आयुष्यभर करत आली आणि तिला त्यात समाधान आहे. पण घरातली पंधरा-सोळाची पोरगी एकाएकी सगळेच उपवास धरायला लागली तर कोणीतरी जवळ बसून विचारायला हवं एवढं मला नक्की वाटतं. आणि बरी झाल्यावर लग्नकार्यात 'अगंबाई, आता कशी छान दिसतेस, गालावर मांस आलंय' असं तोंडावर म्हणणं तर कृपा करून बंद करा. म्हणणारीचं प्रेमच असतं त्यात, पण ते वाक्य ऐकल्यावर त्या दिवशीचं जेवण गेलं म्हणून समजायचं.

सीरिजमध्ये मी सगळ्यात जास्त कोणाकडे बघत होते तर ॲलेक्सकडे, मियाचा भाऊ. सगळे मियाबद्दलच बोलतात, साहजिक आहे, सोफी वाइल्डने काम कमाल केलंय, ही ऑस्ट्रेलियन मुलगी आहे हे मला नंतर कळलं. पण घरात एक मूल आजारी असलं की दुसऱ्याने आपोआप शहाणं व्हायचं असतं, आपल्या परीक्षा, आपले ब्रेकअप, आपला ताप सगळं स्वतःचं स्वतः निस्तरायचं, आणि हे कोणी सांगत नाही, आपणच ठरवतो. त्याबद्दल माझी छोटीवर तक्रार नाही, अजिबात नाही. पण पडद्यावर भाऊबहिणीला एका घरात, एका सोफ्यावर, एकमेकांशी नॉर्मल वागायचा प्रयत्न करताना बघितलं आणि मी खूप रडले.

मियाचं मला आवडलं ते हे की ती गोड नाहीये. ती खोटं बोलते, मैत्रिणींना गृहीत धरते, आपल्या दुःखापुढे दुसऱ्याचं दिसतच नाही तिला. कार्लीवर जीव टाकते आणि ॲलिसनसारखी चांगली मुलगी समोर असताना गोंधळ घालते. आजारी मुलगी म्हणजे बिचारी, सहनशील, डोळ्यात पाणी, असं दाखवलं असतं तर मी दुसऱ्या एपिसोडला बंद केलं असतं. तिच्या मनातली बडबड आपल्याला सतत ऐकू येते आणि ती कधी भयंकर विनोदी असते तर कधी नुसतीच भयंकर. मियाच्या डॉक्टर नेलचं काम स्टीफन फ्राय ह्या ब्रिटिश नटाने केलंय, तो स्वतःच्या बायपोलर ह्या मनाच्या आजाराबद्दल वर्षानुवर्षं जाहीरपणे बोललाय, म्हणून असेल कदाचित, पण तो समोर बसला की मला बरं वाटायचं.

मी ही एकटीने आधी बघत होते, छोटीला दाखवावी की नाही ते ठरवायला, कारण असल्या गोष्टी बघून त्रास होऊ शकतो. काल तिला विचारलं तर म्हणाली ताई मी कधीच बघितली, थेरपिस्टला सांगून बघितली. म्हटलं खरं काय वाटलं त्यातलं? तर म्हणाली, मनातली बडबड. "ती असंच बोलते. आपण हसत असताना पण बोलत असते." मग म्हणाली की आता आवाज बारीक झालाय.

ह्याच्या आधीची 'माय मॅड फॅट डायरी' ही ब्रिटिश सीरिज पण आम्ही दोघींनी मिळून बघितली होती, २०१३ ते २०१५ मधली, त्यात १९९६ सालच्या इंग्लंडमधल्या लिंकनशरमधली रे नावाची मुलगी, तीही हॉस्पिटलमधून बाहेर पडलेली, फक्त तिचा त्रास विरुद्ध टोकाचा, भावना आवरायला खात सुटायचा. त्यात थेरपिस्ट केस्टर तिला सांगतो की लहानपणीची तू समोर सोफ्यावर बसलीयेस असं समज आणि जे स्वतःला रोज ऐकवतेस ते तिला म्हणून दाखव. तो सीन झाल्यावर छोटी काही न बोलता माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. 'एव्हरीथिंग नाऊ'मध्ये इतका खोल एकही सीन नाहीये असं माझं मत, आठ एपिसोडमध्ये प्रत्येक मित्राचा वेगळा प्रॉब्लेम कोंबल्यामुळे मिया अधूनमधून हातातून निसटते.

२०२४ मध्ये सीरिज बंद केली, दुसरा सीझन नाही. मला मनापासून वाईट वाटलं. मला मिया १९-२० ची झालेली बघायची होती, घराबाहेर, जिथे तिच्या ताटाकडे बघणारं कोणी नाही. छोटीचं ॲडमिशन नागपूरला झालंय, हॉस्टेल, मेस, रूममेट, सगळं नवीन. आई म्हणते इथलंच कॉलेज घे, बाबा म्हणतात जाऊ दे तिला, आणि मला दोघांचंही पटतं. डाएटिशियन म्हणाल्यात की जायच्या आधी मेसचा मेनू मागवून घ्या, आपण तिच्याबरोबर बसून आठवड्याचं ठरवू, आणि पुन्हा घसरायला लागलं तर काय दिसेल, कोणाला आधी फोन करायचा, हे तिने स्वतः लिहून काढायचं. मंगळवारची वेळ दिलीये. मला ऑफिसातून हाफ डे घ्यावा लागेल, उद्या सकाळीच मेल टाकते.