पट्टीत उरलेल्या २३ गोळ्या

पहिले तीन दिवस मला त्या गावात नुसती कुलपं भेटली. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातलं लहानसं गाव, नोव्हेंबरचा शेवट, कापसाची वेचणी ऐन भरात. साडेनऊच्या एसटीनं मी उतरायचे तोवर बाया कधीच वावरात गेलेल्या असत. ओसरीवर म्हातारे आणि शेळ्या.

मी तेव्हा एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, शाखा सामुदायिक आरोग्य परिचर्या. प्रबंधाचा विषय होता एकट्या राहणाऱ्या, पंचेचाळिशीपुढच्या शेतमजूर बायांचा रक्तदाब आणि त्यांचं औषधपाणी. त्याआधी सहा वर्षं वॉर्डात स्टाफ नर्स होते. अर्धांगवायूनं एक बाजू लुळी पडलेल्या बाया यायच्या आणि सोबतच्या पिशवीत निघायच्या न फोडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. गोळ्या घरात असून खाल्ल्या का नाहीत? वॉर्डात याचं उत्तर ठरलेलं असे: "ऐकतच नाहीत हो ही माणसं." मीसुद्धा ते कितीदा म्हटलं आहे. आज आठवलं की वाईट वाटतं.

विषय ठरवताना आमच्या मार्गदर्शक मॅडमनी डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास वाचायला दिला होता. दोन गावं, ६५० बाया. १९८९ साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. एवढं दुखणं घेऊन बाया वावरात राबत होत्या आणि कोणी त्यांना विचारायलाच गेलं नव्हतं, हे वाचून मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. आपण विचारायला जायचं, असं मनाशी घेतलं. पण विचारायचं कसं, हे मला गिरजाबाईंच्या ओसरीवर कळलं.

(नाव बदललं आहे. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही.)

चौथ्या दिवशी मी संध्याकाळची गेले. आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, सोबत होत्या. गिरजाबाई नुकत्याच वावरातून आल्या होत्या, पदराला कापसाचे पुंजके चिकटलेले, बोटांच्या पेरांवर बोंडाच्या टोकांचे ओरखडे. वय ५८. नवरा जाऊन बारा वर्षं. मक्त्यानं केलेलं वावर, कर्ज सावकाराचं. त्यानं फवारणीचं औषध घेतलं. सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही म्हणून सरकारी मदतीचं प्रकरण 'अपात्र' झालं. हे त्यांनी मला विचारल्याशिवाय, चूल पेटवता पेटवता सांगितलं. एकुलती मुलगी वणीकडे दिलेली.

संमतीपत्रानं पहिली अडचण केली. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घ्यायचा तर वाचून दाखवताना तिऱ्हाईत साक्षीदार लागतो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते स्पष्ट आहे. शेजारची दहावीतली ताईबाई आणि तिची आई आल्या. पोरीनं वाचलं, आईनं साक्षीची सही केली. गिरजाबाईंनी सगळं ऐकलं आणि शाईच्या डबीकडे बघत विचारलं, "हा अंगठा कायचा आहे वो बाई? कर्जाचा त नाही?"

कागदावर अंगठा दिला की काहीतरी जातं, हेच त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. मी पुन्हा सगळं सांगितलं, कागद न वाचता, माझ्या शब्दांत. नको असेल तर उठून जाते, गोळ्या मिळणं काही बंद होणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी थोडा वेळ घेतला. मग म्हणाल्या, "लाव." आणि हात पुढं केला.

बीपी मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं असतं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. गिरजाबाईंना हात रिकामे ठेवून बसताच येईना. सूप ओढलं आणि तुरीचे खडे वेचायला लागल्या. मी हळूच सूप बाजूला केलं. "मावशी, पाचच मिनिटं." त्या बसल्या, पण बोटं मांडीवर वेचल्यासारखीच हलत होती. पहिलं माप १७८/१०४. दुसरं १७४/१०२. १४०/९० च्या आत यायला हवं, आणि दोन-दोन गोळ्या चालू असताना हे!

मग प्रश्नावली. बावीस प्रश्न, मान्यताप्राप्त, मराठीत नीट भाषांतर करून तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली. 'तुम्ही औषध रोज घेता का?' हो. 'गेल्या दोन आठवड्यांत कधी विसरलात का?' नाही. 'बरं वाटल्यावर औषध बंद करता का?' नाही. बेरीज जवळजवळ पूर्ण गुणांची. कागदावर गिरजाबाई माझ्या यादीतल्या सगळ्यात नियमित रुग्ण होत्या.

शेवटी गोळ्या मोजायच्या होत्या. संमतीत तसं लिहिलंच होतं. त्यांनी फळीवरचा चहापत्तीचा जुना डबा काढला. उपकेंद्रातून २६ दिवसांपूर्वी दोन्ही गोळ्या तीस-तीस मिळालेल्या. अ‍ॅम्लोडिपिनच्या पाच उरल्या होत्या, म्हणजे २६ दिवसांत २५ घेतल्या. उत्तमच. दुसरी क्लोरथॅलिडोन, साडेबारा मिलिग्रॅम, जिला सगळे लघवीची गोळी म्हणतात. तिच्या २३ उरल्या होत्या.

मी दोनदा मोजल्या. ८० टक्के गोळ्या घेतल्या तर नियमित धरतात. इथं २६ पैकी ७. आणि वॉर्डातली जुनी नर्स माझ्या तोंडून बोलली: "मावशी, तुम्ही तर रोज घेतो म्हणालात!"

त्या दुखावल्या. आवाज चढला नाही, पण चेहरा बदलला. "घेतो ना रोज. ते घेतो. कायले खोटं बोलू? तू गोळी घेता का म्हनलं, मी घेतो म्हनलं."

खरंच होतं. माझ्या कागदावर 'औषध' एकच होतं. त्यांच्या डब्यात दोन होती.

"आणि ही?"

आशाताईंकडे एकदा पाहून त्या हळू बोलल्या. "हे लघवीची होय. हे घेतली का घंट्या-घंट्याले जा लागते. वावरात कुठं जाऊ? ओटी बांधल्यावर सोडता येत नाही. मांगं-पुढं माणसं रायते. बजारच्या दिवशी वेचनी बंद रायते, तवा घेतो. पाऊस आला, घरी रायलो, त घेतो."

मधल्या २६ दिवसांत बाजाराचे चार दिवस गेले होते. अवकाळीनं कापूस ओला म्हणून दोन दिवस वेचणी नव्हती. एक दिवस मुलगी आली होती. सात.

"दवाखान्यात सांगितलं नाही का हे?"

"त्याईनं इचारलं कुठं? आन् त्या पोराले सांगाव कसं?" उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी पंचविशीचा मुलगा होता. कामाला चांगला, गोळ्या वेळेवर देणारा. 'सकाळी उठल्यावर दोन्ही घ्या' असं सांगणारा, कारण त्यालाही तसंच शिकवलेलं.

त्या रात्री मी आशाताईंकडेच राहिले आणि दुसऱ्या दिवशी बायांबरोबर वावरात गेले. प्रबंधाच्या आराखड्यात हे कुठंही नव्हतं. पण न बघता पुढं जाणं मला जमलं नसतं.

सातला निघालो. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर, दव होतं, सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत भिजले. ओटी कशी बांधतात ते गिरजाबाईंनी माझ्याच कमरेवर दाखवलं. जुन्या लुगड्याचं फडकं, त्याची दोन टोकं कमरेला, दोन खांद्यावरून, वरून नवऱ्याचा जुना शर्ट घालून तो कसलेला, पोटाशी झोळी. बोंडातून कापूस ओढायचा आणि झोळीत टाकायचा. भरत आली की पाच-सहा किलो वजन कमरेवर येतं, मग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन रिती करायची. मजुरी किलोवर. त्या मोसमात किलोला दहा रुपये. लघवीला जायचं तर शर्ट, गाठी, झोळी, सगळं सोडायचं, पुन्हा बांधायचं, आणि तेवढ्या वेळात शेजारची ओळीत पुढं निघून जाते. मुकादम, गाठोडी भरणारे दोन गडी, पाण्याचा पोऱ्या, सगळे तिथंच फिरत असतात. पऱ्हाटी कमरेएवढीच. कुणी गेलीच तर दोघी-तिघी मिळून, एक पदर धरून उभी. गिरजाबाईंचे गुडघे धरलेले. बसलं की उठवायला हात द्यावा लागतो. त्यांना ते नको होतं.

पाण्याचा ड्रम धुऱ्यावर होता. जेवणापर्यंत मी नीट बघत होते. बहुतेक बायांनी दोन घोट घेतले, तोंड ओलं केलं, बस. अकराला मलाच लघवीला लागली. मी कुणाला बोलले नाही. दीड वाजता जेवणाच्या सुट्टीत मोकळी झाले तेव्हा ओटीपोटात कळ मारत होती. नर्सिंगच्या पुस्तकात 'पाणी कमी पिणे, लघवी रोखून धरणे' ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची कारणं मी कितीतरी वेळा पाठ लिहिली आहेत. ती ओळ वावरात उभी राहून वाचल्यासारखी तेव्हा पहिल्यांदा कळली.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. या गोळीनं सुरुवातीला लघवी जास्त होते. रोज घेत राहिलं तर काही आठवड्यांत शरीर जुळवून घेतं आणि तो त्रास बराच कमी होतो. आठवड्यातून एकदा घेणाऱ्या बाईला मात्र दर वेळी पहिलाच दिवस. म्हणजे गिरजाबाईंचा अनुभव सोळा आणे खरा होता, आणि गोळी टाळल्यानंच तो तसा राहत होता. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्या काय टाळतात हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

गोळी बदलणं माझ्या अधिकारात नाही. मी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमना भेटले, मोजलेल्या गोळ्यांचा कागद पुढं ठेवला. त्यांनी विचारलं, "संध्याकाळी घरी आल्यावर घेतील का?" बीपीची गोळी सकाळीच घ्यावी असं काही नाही, ब्रिटनमधला 'टाइम' नावाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, २१ हजारांवर रुग्ण, आणि सकाळी घेणाऱ्यांत नि संध्याकाळी घेणाऱ्यांत हृदयविकार-पक्षाघाताचा फरक दिसला नाही. या गोळीनं रक्तातलं सोडियम-पोटॅशियम उतरू शकतं म्हणून त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली, आणि दिवसा पाणी पिण्याबद्दल बजावायला सांगितलं.

गिरजाबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "रातच्याले कुठं जाऊ मंग?" घरामागं सरकारी योजनेतला संडास होता, पण त्यात पऱ्हाट्यांचं सरपण छतापर्यंत भरलेलं. त्या रविवारी आशाताई, ती दहावीतली पोरगी आणि मी, तिघींनी मिळून ते बाहेर काढलं. आत दोन विंचू निघाले. दाराला कडी नव्हती, ती आशाताईंच्या नवऱ्यानं बसवून दिली. पाण्याची बादली मात्र बोअरवरून आणावी लागते, अजूनही.

हे सगळं पायलटच्या, म्हणजे आधीच्या चाचणीच्या टप्प्यात घडलं म्हणून बरं, नाहीतर विचारायचं साधन बदलता आलं नसतं. मार्गदर्शक मॅडम आधी नाराज होत्या; मान्यताप्राप्त प्रश्नावलीला हात लावला की तुलना करता येत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. शेवटी ती बावीस प्रश्नांची प्रश्नावली तशीच ठेवून तिच्यापुढं वेगळं पान जोडायचं ठरलं. प्रत्येक गोळी हातात घेऊन विचारायचं: ही कोणत्या दिवशी घेत नाही? त्या दिवशी कुठं जाता? जिथं जाता तिथं संडास, पाणी, आडोसा आहे का? नैतिकता समितीची परवानगी यायला तीन आठवडे लागले. त्या काळात मी वेळापत्रकही बदललं. मुलाखती संध्याकाळी आणि बाजाराच्या दिवशी, बाईच्या घरात, पुरुष नसताना.

डिसेंबरच्या शेवटी परत गेले. गिरजाबाईंनी मला पाहिल्याबरोबर फळीवरचा डबा काढला आणि पुढं सरकवला. "मोज."

बीपी १५२/९४ होतं. अजून खाली यायला हवं. रक्त तपासायला त्या गेल्या होत्या, रिपोर्ट ठीक होता. लघवीच्या गोळ्या मोजल्या. हिशेबापेक्षा एकच जास्त उरली होती.

"ही एक कुठली, मावशी?"

"मंगळवारची." त्या सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "पोरीकडं गेलतो. संध्याकाळी एसटीत होतो ना."

नव्या पानावर मी तो मंगळवार लिहिला आणि पुढं 'कुठं होता' या रकान्यात लिहिलं: एसटी.