हुमणाची वही: पाणी सुटणं वेगळं, फुटणं वेगळं

गेल्या नोंदीत मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की हुमणाचं, म्हणजे गोव्याच्या नारळाच्या रसातल्या माशाच्या आमटीचं, वाटप (वाटलेलं खोबरं-मिरची) फुटण्याचा प्रश्न मिटला, आता तिरफळाकडे, त्यातल्या मसाल्याच्या फळाकडे, वळतो. ते शब्द मागे घेतो.

रविवारी सावई-वेऱ्याहून मावशी जेवायला आली. बांगड्याचं हुमण, उकड्या तांदळाचा भात, किसमूर (सुक्या माशाची कोशिंबीर). रंग असा सुरेख आला होता की वाढण्याआधी मी फोटोही काढला. वाढलं, आणि दोन मिनिटांत भाताच्या ढिगाखालून लालसर पाणी निघालं आणि ताटाच्या काठाला जाऊन थांबलं. वाटप भातावर बसलेलं, पाणी काठाला. मधला दुवा गायब.

"फुटलं परत," मी म्हणालो.

मावशीने ताटातलं थोडं वाटप अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळलं, बोटं माझ्यासमोर धरली. मिरचीच्या सालीचे तांबडे ठिपके आणि रव्यासारखे कण. "हे फुटलं नाही रे. ह्याला पाणी सुटलंय. फुटलेलं हुमण तू अजून बघितलंच नाहीस."

म्हणजे सातव्या प्रयत्नापासून बाराव्यापर्यंत मी भलत्याच दुखण्यावर औषध देत होतो. ज्यांनी ते सगळं वाचलंय त्यांची माफी मागतो. थर्मामीटर, मंद आच, उकळी येण्याच्या आत गॅस बंद, हे सगळं फुटण्यावरचे उपाय. नारळाच्या रसात तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात आणि नारळातली प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. साधारण 80 अंशांच्या पुढे ही प्रथिनं गोठायला लागतात, वर आंबट पडलं आणि खळखळून उकळलं की धरलेलं तेल सोडून देतात. मग वर तेलाचे डोळे दिसतात आणि खाली दूध नासल्यासारख्या गुठळ्या. माझ्या हुमणात तेलाचा डोळा एकदाही दिसला नव्हता. महिनाभर सुटलं होतं ते नुसतं पाणी, आणि त्याचं कारण चुलीवर नव्हतंच, मिक्सरच्या जारमध्ये होतं. जाड कण पाणी धरून ठेवत नाहीत, खाली बसतात, बस्स.

तेव्हा मंगळवारी सगळं बाजूला ठेवून फक्त वाटण्याचा प्रयोग केला. एकच मोठा नारळ खोवला, तीन वाटे केले. प्रत्येकात तीन सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, चार मिरी, चिमूट हळद. पाणी शेवटी मोजून सगळ्यांत सारखंच, एक वाटी. मग तिन्ही वाटपं उभ्या काचेच्या पेल्यांत ओतली आणि अर्धा तास हात लावला नाही. (पेले पाहून बायकोने विचारलं, सरबत कसलं?)

पहिलं माझं नेहमीचं: सगळं एकदम मोठ्या जारमध्ये, पाणीही एकदम, सहा मिनिटं. अर्ध्या तासाने वर अडीच सेंटिमीटर स्वच्छ पाणी. पट्टी लावून मोजलं. एवढ्या पाण्यात पातं नुसतं पाणी घुसळतं, खोबरं त्याच्याबरोबर गोल फिरत राहतं, चिरडलं जातच नाही. दुसरं त्याच जारमध्ये, पण पाणी थोडं थोडं. एक सेंटिमीटरच्या आसपास. बरं, पण एवढा माल त्या मोठ्या जारला पुरत नाही, अर्धा तर भिंतीला चिकटून बसतो आणि आपण चमच्याने खाली ढकलत बसतो.

तिसरं मावशीच्या क्रमाने, चटणीच्या लहान जारमध्ये. मिरच्या कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवलेल्या. आधी मिरच्या, धणे, मिरी, हळद आणि चमचाभर भिजवलेले तांदूळ, दोन चमचे पाण्यात, गंधासारखे होईपर्यंत. खोबरं त्यानंतर, तेही दोन हप्त्यांत. बाकीचं पाणी सगळ्यात शेवटी. अर्ध्या तासाने पेल्यात वर पाण्याची जेमतेम एक रेघ, तीही वाकून पाहिलं तरच दिसणारी. मी तो पेला बराच वेळ उजेडात धरून उभा होतो.

तांदळाचं सांगायला हवं, कारण तिथे मी एकदा आपटलो. घरात उकडा भिजत होता, त्यातलाच चमचाभर उचलून टाकला. उकडा एकदा शिजून सुकलेला असतो, कितीही वाटा, कणी हाताला लागतेच. सुरय (न उकडलेला तांदूळ) घ्यायचा, तासभर भिजवून. त्याची पिठी उकळीत फुगते आणि सगळं धरून ठेवते. चमच्याच्या वर जाऊ नका, दुसऱ्या दिवशी हुमणाची खळ होते. तेही करून पाहिलंय.

आता दोन तक्रारी. फ्रीजरमधलं खोवलेलं खोबरं मी पाकिटातून आणत होतो, वेळ वाचतो म्हणून. नाव घेत नाही, पण बर्फ सुटल्यावर ते लाकडाच्या भुशासारखं होतं आणि वीस मिनिटं वाटलं तरी भुसाच राहतो. संपवलं, परत आणणार नाही. विळी, नारळ आणि पाच मिनिटं, दुसरा रस्ता नाही. खोवताना करवंटीजवळचा तपकिरी भाग येऊ द्यायचा नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. मला माहीत होतं आणि तरी घाईत तो येत होता.

दुसरी तक्रार मिरचीची. गोव्यातल्या काणकोणच्या खोला गावच्या मिरचीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आता बाजारात कुठलीही तांबडी मिरची 'खोलाचीच' असते. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) खरेदी म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी जी आणली ती भिजवल्यावर साल जाड निघाली, चामड्यासारखी. मावशीच्या बोटावरचे तांबडे ठिपके हिचेच. रंगासाठी निम्मी ब्याडगी घेतली तर वाटायला सोपं जातं, पण चव जरा गोडाकडे झुकते. तूर्त दोन खोलाच्या (असं समजू या) आणि एक ब्याडगी. मिक्सरच्या लहान जारचं पातंही फोंड्याच्या बाजारात बदलून घेतलं. जुनं पातं हातावर घासून पाहिलं, चमच्याची कड त्याहून धारदार असेल.

बुधवारी तिसऱ्या वाटपाचं हुमण केलं, कुंडल्यात (मातीच्या भांड्यात). वाटपाला एक उकळी येऊ दिली, हो, उकळी, मुद्दाम. थर्मामीटर खणात. मग बांगड्याचे तुकडे, मग तिरफळं. सोलं (आमसुलं) मासा शिजत आल्यावर. हे शेवटचं मला मासे विकणाऱ्या बायनेही आधी सांगितलं होतं, "सोलां मागीर घाल", आणि मी ते चवीपुरतं समजून सोडून दिलं होतं. चमचा घातला नाही, कुंडलं दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून फिरवलं. ताटात वाढलं, भाताच्या कडेला पाच मिनिटं नजर लावून बसलो. पाणी आलं नाही. दहा मिनिटांनी थोडं तेल दिसलं, मिरचीच्या रंगाचं, बारीक. त्याला मी दोष मानत नाही, मावशीही मानत नाही.

तिरफळाचं थोडक्यात, कारण त्यासाठी वेगळी नोंद करणार आहे. आतली काळी बी काढून टाकायची, साल पाण्यात जरा ठेचायची, वाटपात अजिबात वाटायची नाही. वाटली की कडवट. सहा तिरफळांच्या जागी या वेळी आठ घातली आणि जिभेच्या टोकाला ती मुंग्यांची चाल पहिल्यांदा बरोबर जमली.

पुढचा बेत होता रगड्याचा. मावशीकडे मागच्या पडवीत वाटायचा जुना दगडी रगडा आहे, त्यावर हेच वाटप करून पेल्यात शेजारी ठेवायचं. पण 1 जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते ती 31 जुलैपर्यंत, म्हणजे ताज्या बांगड्यावर चाचणी करायला माझ्याकडे आता एकच रविवार आहे. सुंगटं (कोळंबी) सुकवून ठेवलीत, पण सुक्या सुंगटांच्या हुमणावर पाणी सुटलं की नाही हे ठरवणं अवघड, ती स्वतःच पाणी पितात.

आणि हे लिहितानाच एक डोक्यात आलं. घोटं (रानटी आंबे) पिकायला लागलीत, घरात त्यांच्या सासवाची, म्हणजे मोहरी घातलेल्या आमटीची, फर्माईश आहेच. सासवालाही खोबऱ्याचंच वाटप, पण त्यात मोहरी, आणि मोहरी जास्त वाटली की सासव कडू. म्हणजे महिनाभर मी जे शिकलो त्याच्या बरोबर उलट: खोबरं गंधासारखं हवं आणि मोहरी मात्र जेमतेम मोडलेली. दोन्ही एकाच जारमध्ये. मग मोहरी सगळ्यात शेवटी, दोन झटके देऊन? की वेगळी कुटून वरून घालायची? वेगळी कुटली तर तिचा झणका वाटपात मुरणार कसा? रगडा पुढे ढकलतो. आधी हे.

रविवारी शेवटचे बांगडे, संध्याकाळी घोटांचं सासव, पेले पुन्हा ओट्यावर. मोहरी कोणी मिक्सरमध्ये मोजून वाटली असेल तर किती सेकंद, ते सांगा. माझा अंदाज आठ.